ठिणगीची वेळ

जर्मनीतील फोक्सवॅगन कारखान्याची 'बीटल' ही मोटार तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल. बीटल म्हणजे भुंगेरा. गाडीची गोल पाठ पाहून लोकांनीच तिला हे नाव दिले. फर्डिनांड पोर्शे याने १९३० ते १९४० या दशकात तिची रचना केली. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल तयार झाली, तोवर अशा दोन कोटींहून अधिक गाड्या निघाल्या होत्या.

तिचे एंजिन मागील बाजूस असते आणि ते पाण्याने नव्हे, तर पंख्याच्या वाऱ्याने थंड होते. अशा एंजिनात ठिणगीची वेळ फार सांभाळावी लागते. नळकांड्यातील दट्ट्या पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबीत वर येतो. तो माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी प्लगमध्ये ठिणगी पडली पाहिजे. ती फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या दट्ट्यावरच आघात होतो. उशिरा पडली, तर शक्ती वाया जाते. दोन्ही प्रकारांत एंजिन तापते, आणि येथे उष्णता शोषून घ्यायला पाणी नसते.

बॅटरी अवघी सहा किंवा बारा व्होल्टची. ठिणगीला तर हजारो व्होल्ट हवेत. ते मिळतात कसे? बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या वेटोळ्यातून वाहत असतो. तो एकाएकी तोडला, की शेजारच्या पुष्कळ वेढ्यांच्या वेटोळ्यात प्रचंड विद्युत्दाब उत्पन्न होतो. म्हणजे गंमत अशी, की ठिणगी पडते ती प्रवाह जोडल्याने नव्हे, तोडल्याने! हे तोडण्याचे काम धातूची दोन इवलीशी टोके करतात. त्यांना मिस्त्री 'पॉइंट' म्हणतात. डिस्ट्रिब्यूटर नावाच्या डबीत फिरणारा दांडा त्यांना ०.४ मिलिमीटर दूर सारतो. एंजिनाचे मिनिटास ३००० फेरे होत असता ही उघडझाप सेकंदास १०० वेळा होते. साहजिकच टोके जळतात, झिजतात. फट बदलते आणि फटीबरोबर वेळही चुकते.

आता त्याच डबीत पॉइंटांच्या जागी एक लहानसा इलेक्ट्रॉनिक ठोकळा बसविता येतो. दांड्यावर चुंबकांचे कडे चढवितात. चुंबक जवळून गेल्याचे ठोकळा स्पर्शावाचून ओळखतो व त्यातील ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाला १८७९ साली आढळलेला चुंबकाचा एक गुण येथे उपयोगी पडतो. ठोकळ्यात घासणारे काही नाही, म्हणून झिजणारेही नाही. झाकण लावले, की गाडी बाहेरून जशीच्या तशी!

मात्र ठोकळा गाडीच्या बॅटरीला जुळणारा हवा. धन व ऋण तारांची अदलाबदल झाली, तर तो जळू शकतो. बसविल्यानंतर ठिणगीची वेळ नव्याने लावावी लागते.

जुने यंत्र जुन्याच रीतीने चालावे, असे काही शौकीन म्हणतात. मूळ भाग काढून जपता येत असता हा आक्षेप मला फारसा पटत नाही. पण त्यांच्या एका बोलण्यात तथ्य आहे. पॉइंट बहुधा हळूहळू बिघडतात आणि भर रस्त्यात कानशीने घासून पुन्हा चालविता येतात. ठोकळा मात्र अचानक बंद पडतो व रस्त्यावर दुरुस्त होत नाही. म्हणून शहाणा चालक ठोकळा बसविल्यावरही जुने पॉइंट आणि एक पेचकस कागदात गुंडाळून गाडीत ठेवतो.