हळदीच्या थराखाली न धुतलेली जखम

खुरपे किंवा विळा लागून बोट कापले की त्यावर आधी हळद चेपायची, ही गंगापूर तालुक्यातील शेतकरी कुटुंबांत आणि खरे तर अवघ्या महाराष्ट्रात इतकी रुळलेली रीत आहे, की तिच्याविषयी शंका घेणे म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांचा अवमान करणे असे अनेकांना वाटते. हळद जंतुनाशक असल्याने ती भरली की जखम आपोआप स्वच्छ होते, धनुर्वाताची भीती उरत नाही आणि जखम वेगळी धुण्याचे कारण राहत नाही, अशी समजूत या रीतीमागे आहे. हळदीला गुणच नाही असे कोणी म्हणत नाही. परंतु तिच्या भरवशावर धुणे टाळले जाते, आणि खरा अनर्थ तेथेच होतो.

हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्या कर्क्युमिनने काही जिवाणूंची वाढ रोखली जाते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मात्र असे प्रयोग बहुधा शुद्ध केलेल्या अर्कावर आणि मोजून घेतलेल्या मात्रेत होतात. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे रक्ताने ओल्या झालेल्या जखमेत चिमूटभर पूड टाकल्याने तोच परिणाम मिळेल असे मानायला आधार नाही. शिवाय डब्यातील हळद निर्जंतुक नसते. वसमत-हिंगोलीच्या किंवा सांगलीच्या पट्ट्यात हळद जमिनीतून खणून काढली जाते, शिजवली जाते, खळ्यावर उन्हात पसरून कित्येक दिवस वाळवली जाते, मग ढोलात फिरवून तिला झळाळी आणतात आणि शेवटी ती दळली जाते. शिजवण्याने अनेक जिवाणू मरत असले, तरी काही जिवाणू स्वतःभोवती कठीण कवच तयार करून जे सुप्त रूप धारण करतात, ते म्हणजे बीजाणू, आणि ते साध्या उकळण्याने हमखास नष्ट होत नाहीत. आणि वाळवताना बसणारी धूळ तर नंतरची आहे. आमटीत घालण्यास ही हळद उत्तम आहे, कारण पोटाची आणि उघड्या मांसाची गोष्ट वेगळी.

या समजुतीच्या समर्थनार्थ हमखास पुढे केला जाणारा दाखला म्हणजे हळदीच्या पेटंटचा. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिळाले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले, हा इतिहास अभिमानास्पदच आहे. परंतु परिषदेने जे ३२ संदर्भ सादर केले, त्यांत प्राचीन संस्कृत ग्रंथापासून १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लेखापर्यंतचा पुरावा होता, आणि तो पुरावा एवढेच सांगत होता की हा उपयोग भारताला आधीपासून ठाऊक असल्याने त्यात नवे काही नाही. पेटंट कार्यालयाने नावीन्य तपासले. जखम किती दिवसांत भरते, पू होतो की नाही, हे तपासणे त्याचे कामच नव्हते. हा निकाल हळदीच्या परिणामाचे प्रमाणपत्र म्हणून वारंवार दाखवला जावा, हे खेदजनक आहे.

मराठवाड्यातील काळ्या जमिनीत ही चूक अधिक महागात पडते. ओली काळी माती चिकट असते, ती कापलेल्या कडांच्या आत शिरून बसते, आणि वर हळदीचा लेप वाळला की त्याची पिवळी खपली होऊन माती आत कोंडली जाते. भोवतालची लाली, जी संसर्गाची पहिली खूण असते, तीही त्या रंगाखाली झाकली जाते. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकतात, आणि ते रुजतात ते जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, म्हणजे खोल, मातीने भरलेल्या, बंद झालेल्या जखमेत. तेथे तयार होणारे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते आणि साधारण ३ ते २१ दिवसांत दातखीळ बसण्यापासून लक्षणे सुरू होतात. रक्त थांबावे म्हणून जखमेत मातीच दाबणे किंवा शेणाची राख भरणे म्हणजे हे बीजाणू स्वतःच्या हाताने आत घालण्याचा धोका पत्करणे होय.

परंपरेचा आग्रह धरणाऱ्यांनी परंपरेचे मूळ ग्रंथही पाहावेत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणाचे, म्हणजे जखमेचे, ६० उपक्रम सांगितले आहेत, आणि त्यांत शोधन, म्हणजे जखम शुद्ध करणे, व रोपण, म्हणजे ती भरून आणणे, हे दोन वेगळे टप्पे आहेत. दूषित व्रणाचे शोधन झाल्यावाचून रोपणाकडे वळायचे नाही, हा तेथील क्रम आहे. आजची रीत त्यातले शोधन गाळून थेट रोपणावर उडी मारते.

शोधनाचे सर्वांत स्वस्त साधन पाणी आहे, आणि नेमके त्याच्याविषयी दुसरा हट्टी गैरसमज आहे, तो म्हणजे पाणी लागले की जखम ‘पाणी धरते’ आणि चिघळते. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात, पिण्यायोग्य नळाच्या पाण्याने धुतलेल्या जखमांत सलाइनने धुतलेल्या जखमांपेक्षा संसर्ग अधिक झाल्याचे आढळलेले नाही. आधी हात धुवावेत, स्वच्छ फडक्याने जखम सलग १० मिनिटे दाबून धरावी आणि मधेच उचलून पाहू नये, कारण त्याने जमू लागलेली गुठळी निखळते. नंतर वाहत्या पाण्याखाली मातीचा कण न कण निघेपर्यंत धुवावे आणि साबण भोवतालच्या कातडीला लावावा. चिघळते ती डबक्याच्या किंवा कालव्याच्या गढूळ पाण्याने, आणि दिवसभर ओल्या राहिलेल्या मळक्या चिंधीने.

बांधावरचा दगडीपाला, ज्याला एकदांडी किंवा कंबरमोडी म्हणतात, उंदरांवरील प्रयोगांत आशादायक ठरला असला, तरी ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील असल्याने तिला चरक-सुश्रुतांचे औषध म्हणणे चूक आहे, आणि तळहातावर चुरगळलेल्या धुळकट पाल्याला प्रयोगशाळेतील अर्काचा दर्जा देणे त्याहून चूक. मधाची बाजू त्यामानाने भक्कम आहे; सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ रुग्णांवरील अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला, परंतु तो भाजल्याच्या जखमांचा होता, आणि वैद्यकीय वापराचा मध निर्जंतुक केलेला असतो. तंबाखू आणि चुना दाबणे साफ अयोग्य, कारण चुना कातडी जाळतो. अँटिसेप्टिक द्रव पाणी न मिसळता ओतल्याने नव्या पेशीही मरतात. जखम उघडी ठेवून खपली धरू द्यावी हा सल्लाही जुना झाला. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले की झाकलेल्या, ओलसर जखमेवर कातडी लवकर येते, आणि त्यासाठी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर व स्वच्छ पट्टी पुरते. वांगे, भात आणि आंबट खाल्ल्याने जखमेत पू होतो, ही समजूतही खरी नाही. उलट लिंबू-आवळ्यातील क जीवनसत्त्व नवी ऊती बनण्यास लागते.

वाळूजच्या कारखान्यात गंजका पत्रा लागला की इंजेक्शनसाठी धाव घेतली जाते आणि शेतात लखलखीत खुरपे लागले की दुर्लक्ष होते, हा उलटा न्याय आहे, कारण धनुर्वात गंजाने होत नाही, मातीने होतो. इंजेक्शनचा परिणाम सहाच महिने टिकतो, हेही खरे नाही. मूळ मात्रा पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वच्छ, किरकोळ जखमेनंतर शेवटच्या मात्रेस १० वर्षे उलटली असतील तरच, आणि माती-शेण लागलेल्या जखमेनंतर ५ वर्षे उलटली असतील तर, पुढची मात्रा लागते. मूळ मात्रांची खात्री नसेल, तर मात्र ती घ्यावीच. जखमेच्या कडा फाकल्या असतील, दाबूनही रक्त थांबत नसेल, चावा जनावराचा असेल किंवा जखमी व्यक्तीला मधुमेह असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे. कुत्र्याच्या चाव्यावर तिखट किंवा चुना न लावता तो साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. खुरपणीला आणि वेचणीला निघताना भाकरीच्या फडक्याबरोबर प्यायच्या पाण्याची एक जादा बाटली आणि धुतलेले सुती कापड न्यावे, आणि धनुर्वाताची शेवटची मात्रा कोणत्या वर्षी घेतली ते घरातील प्रत्येकाच्या नावापुढे आजच लिहून ठेवावे.