नांदूरघाटची शाळा आणि उसाचा हंगाम

शाळेची योग्यता परीक्षेच्या निकालावरून ठरविण्याचा प्रघात पडला आहे. आम्हांस तो मान्य नाही. केज तालुक्यातील नांदूरघाटकरांनी आपल्या शाळेस हे माप लावण्यापूर्वी थोडे मागे पाहावे. निजामी अमदानीत या मुलखात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही त्याच माध्यमाचे. म्हणून लोकांनी हिप्परग्यास १९२१ साली राष्ट्रीय शाळा काढली, अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालय चालविले. स्वामी रामानंद तीर्थांनी दोन्हीकडे शिकविले. १९४८ साली ती राजवट गेली, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, आणि २०१० पासून शिक्षण हा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा कायदेशीर हक्क झाला. मग घोडे अडते कोठे? दिवाळी सरते, मुकादमाची उचल घेतलेला बाप कोयता घेऊन निघतो, आणि सहावीतली पोर उसाच्या फडावर धाकटे भावंड सांभाळते. हजेरीपटावर नाव मात्र शाबूत! अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. गावचे वसतिगृह गाड्या निघण्यापूर्वी उघडते की नंतर, आणि फाल्गुनात वर्गात प्रत्यक्ष किती मुले बसतात, हे दोन प्रश्न पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीस याच महिन्यात लेखी विचारावेत, अशी आमची सूचना आहे.