वाचताना अडणाऱ्या मुलाची शाळा कोणत्या भाषेची?

नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकावरूनच दोन राज्यांची हद्द जाते. गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते. बाकाच्या या टोकावरून त्या टोकाला सरकणाऱ्या माणसाचे काही बिघडत नाही. पण पाचवी झालेले मूल ताप्ती लाइनच्या गाडीत बसून आईबापांबरोबर सुरतेला गेले की पुस्तक, लिपी आणि गुरुजींची भाषा एका दिवसात बदलू शकते. बहुतेक मुले त्यातून तरून जातात. काही मात्र गटांगळ्या खातात, आणि त्याचे कारण घरीही कळत नाही आणि शाळेतही कळत नाही. हा लेख त्या मुलांसाठी आहे.

असे मूल प्रत्येक शाळेत असते. तोंडी विचारले तर चटकन उत्तर देईल, बाजारातला हिशेब मनात करील, बिघडलेली सायकल उलगडून पुन्हा जोडील. पण धडा वाचायला उभे केले की घामाघूम होते. 'घ'चा 'ध' करते, 'भ'चा 'म' करते, जोडाक्षरापाशी थांबते, ओळ सोडून पुढे जाते. फळ्यावरचे उतरवून घेताना निम्मे राहते. आपण त्याला आळशी म्हणतो, मठ्ठ म्हणतो, कोणी छडीही उगारतो. या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या अशाच एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. शिक्षण सगळे तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत त्यांनी नोंदवले आहे. हा बुद्धीचा दोष नाही, नजरेचाही नाही. कानावर पडलेला ध्वनी आणि कागदावरची खूण यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही, एवढीच ही गोष्ट आहे. पुष्कळदा ती घराण्यात चालत येते. औषधाने ती जात नाही. शिकवण्याच्या पद्धतीने आणि धीराने मात्र मूल वाचते होते.

माध्यम बदलून दोष जात नाही

सहावीच्या उंबरठ्यावर पालकांच्या मनात एक विचार हमखास येतो: मराठीत चालत नाही, तर इंग्रजीत घालून पाहू. निदान गुजरातीत घालू, पुढे कामाला तरी येईल. हा विचार तपासून पाहिला पाहिजे.

मराठीत खूण आणि उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ आहे. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार-चार उच्चार होतात आणि कित्येक शब्दांची स्पेलिंगे नुसती पाठच करावी लागतात. २००१ साली इटली, फ्रान्स आणि इंग्लंड येथील वाचन-अडचण असलेल्या व्यक्तींची तुलना प्रसिद्ध झाली. मेंदूतील कारण तिन्ही देशांत एकच आढळले. पण ज्या इटालियन भाषेचे लेखन उच्चाराबरहुकूम चालते, तिच्या वाचकांचे वाचन इतरांपेक्षा बरे होते. मराठीत चाचपडणारे मूल इंग्रजीत सुधारेल ही आशा म्हणूनच फारशी खरी नाही. आपल्या लिपीतही खाचखळगे आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा. पण हे खळगे मोजके आहेत आणि एकेक करून शिकवता येतात.

गुजराती लिपी आपल्या देवनागरीची बहीण असली तरी तिला शिरोरेघ नाही. काही अक्षरे ओळखीची वाटतात आणि काही ओळखीची वाटून फसवतात. तिच्यातला 'प' आणि पाचाचा आकडा जवळजवळ सारखे दिसतात; 'र' आणि दोनाचा आकडाही तसेच. साधारण मुलाला याची सवय दोन-चार महिन्यांत होते. आकृत्यांच्या घोळातच अडकलेल्या मुलाला मात्र असा प्रत्येक जुळा नवा खड्डा ठरतो.

घरची भाषा कोणती?

याचा अर्थ डोळे मिटून मराठी, असाही नाही. खानदेशातून उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली भागात गेलेल्या कित्येक घरांत अहिराणी बोलतात. नवापूर-अक्कलकुव्याकडच्या आदिवासी घरांत मावची किंवा भिली बोलतात. गल्लीत हिंदी-गुजराती असते. तेव्हा मुलालाच कसोटी लावावी. काल पाहिलेला सिनेमा किंवा क्रिकेटचा सामना त्याला एकदा मराठीत आणि एकदा गुजरातीत सांगायला लावावा. ज्या भाषेत शब्द भराभर येतात, भांडण येते, चेष्टा येते, तीच त्याची शिकण्याची भाषा. जे शब्द त्याच्या कानात आधीच आहेत, तेच कागदावर ओळखणे त्याला सोपे जाते.

दुसरी कसोटी घराची. रात्री पुस्तक हातात घेऊन मुलाला धडा कोण वाचून दाखवणार? बाप मिलमध्ये बारा तासांच्या पाळीवर असेल, तर हे काम आईवर येते. सातवीपर्यंत मराठी शिकलेली आई मराठी इतिहास-विज्ञान सहज वाचून दाखवील. तेच पुस्तक इंग्रजी असेल, तर तिचा आवाज बंद होतो आणि मुलाचा मोठाच आधार तुटतो.

सुरतेतील वाटा

सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. गुजरातेत प्राथमिक शिक्षण पहिली ते आठवी धरले जाते, म्हणून सहावी ते आठवी हे वर्ग प्राथमिक शाळेतच येतात. पुढे दहावीची परीक्षाही गुजरात बोर्ड मराठी माध्यमातून घेते. पुस्तके महाराष्ट्राची नसतात, पण भाषा आणि लिपी तीच राहते. २०२३ च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा झाला आहे. म्हणजे मराठी शाळेतल्या मुलावरही मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा आणि तीन लिप्या येतात.

हे ओझे अडखळणाऱ्या मुलाला फार होते. यासाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा पालकांनी माहीत करून घ्यावा. १९९५ च्या कायद्यात या मुलांना जागाच नव्हती. २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत ती आली. अशी अडचण लवकरात लवकर ओळखणे हे शाळेचे कर्तव्य ठरले. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचा उल्लेख कायद्यात स्पष्ट आहे. त्या आपोआप मिळत नाहीत, लेखी मागाव्या लागतात आणि त्यासाठी प्रमाणपत्र लागते. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. तपासणी मुलाच्या भाषेत व्हावी असा आग्रह धरावा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी जी चाचणी आणली, तिच्या पहिल्या चार भाषांत मराठी आहे. मराठीत शिकलेल्या मुलाला इंग्रजी उतारा देऊन निष्कर्ष काढणे हा अन्याय आहे.

नाव घालण्यापूर्वी

मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांनाही भेटून पुढील गोष्टी विचाराव्यात.

वर्गात मुले किती? सर्वांसमोर मोठ्याने वाचण्याची सक्ती आहे काय? तोंडी उत्तर चालते काय? फळ्यावरचे उतरवायला जादा वेळ किंवा तयार टिपण मिळते काय? विशेष शिक्षक आठवड्यातून किती दिवस येतात, आणि ते मुलाच्या भाषेत बोलतात काय? शुद्धलेखनाच्या चुकांसाठी विज्ञानाचे गुण कापतात काय? आठवीनंतर याच माध्यमाची शाळा पायी जाण्याच्या अंतरावर आहे काय?

शेवटचा प्रश्न विसरू नये. नववीत पुन्हा माध्यम बदलावे लागणार असेल, तर ते आजच कळलेले बरे. गावचा दाखला यायला उशीर झाला म्हणून कोणतीही शाळा प्रवेश अडवू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची तशी तरतूद आहे. उत्तरे देताना जी शाळा मुलाकडे पाहून बोलते, ती इमारत जुनी असली तरी निवडावी.

चळवळीला दोन शब्द

मराठी शाळांसाठी निवेदने देणाऱ्या समितीत मीही आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगणारे घटनेचे कलम ३५०-अ आपण प्रत्येक निवेदनात लिहितो. ते लिहावेच. पण मराठी शाळेची पटसंख्या टिकावी म्हणून, घरीदारी गुजरातीच बोलणाऱ्या अडखळत्या मुलाला मराठीत बसवा, असे आपण कोणत्याही आईला सांगू नये. आणि जो मराठीतच फुलेल, त्याला हळू वाचतो म्हणून आपल्याच शाळेने मागच्या बाकावर ढकलले, तर ते घर मराठी शाळेकडे पुन्हा फिरकणार नाही. पाठची भावंडेही जातील.

म्हणून यापुढे इमारत आणि शिक्षकभरती यांच्या जोडीला आणखी एक मागणी निवेदनात हवी. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी शाळांच्या प्रत्येक केंद्राला, मुलांची बोली समजणारा एक विशेष शिक्षक द्या. पालकांनीही जूनची वाट पाहू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीतच तपासणी करून घ्यावी, दोन शाळा पाहाव्यात आणि मुलालाही विचारावे. पुढची तीन वर्षे त्या वर्गात त्यालाच बसायचे आहे.