मोटारीतील जळका वास

वेग, इंधन आणि इंजिनाची उष्णता दाखविणारे काटे मोटारीच्या दर्शनी फळ्यावर असतात. ब्रेक किती तापले आहेत हे दाखविणारा काटा मात्र सर्वसाधारण मोटारीत नसतो. ते काम चालकाच्या नाकाला करावे लागते. या उपकरणात एकच मोठी उणीव आहे. कोणताही वास काही मिनिटे सतत येत राहिला की नाकाला त्याची सवय होते व तो जाणवेनासा होतो. म्हणून ‘आता वास गेला’ असे चालत्या मोटारीत वाटले, तर तो खरोखरच गेला असे समजू नये.

तामिळनाडूत उटीहून मसिनगुडीकडे उतरणाऱ्या कल्हट्टी घाटाचे उदाहरण घ्यावे. ३६ तीव्र वळणांचा हा रस्ता हजार मीटरांहून अधिक खाली जातो आणि ब्रेक निकामी झाल्याने घडलेल्या अपघातांमुळे तो कुप्रसिद्ध आहे. १००० किलो वजनाची मोटार १००० मीटर खाली आली, की सुमारे ९८ लक्ष ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तीस लिटरांहून अधिक पाणी उकळीस आणण्यास एवढी उष्णता पुरते. मोटार केवळ ब्रेकवर उतरविली, तर यांतील बहुतेक उष्णता चार चाकांजवळच्या लोखंडात शिरते. ते लोखंड २० किलो धरले आणि वाऱ्याने काहीच उष्णता वाहून नेली नाही असे मानले, तर त्याचे तापमान सुमारे १००० अंशांनी वाढेल. सुदैवाने वारा आपले काम करीत असतो. परंतु लागोपाठच्या वळणांवर त्याला पुरेसा अवकाश मिळत नाही.

ब्रेकच्या अस्तरातील द्रव्ये बहुधा फीनॉलपासून बनविलेल्या कृत्रिम राळेने बांधलेली असतात. सुमारे ३०० अंशांच्या पुढे ही राळ विघटित होऊ लागते. चाकांकडून येणारा करपट, घसा खवखवविणारा वास तो हाच. सुटणारे वायू अस्तर व लोखंड यांच्यामध्ये शिरतात, घर्षण घटते आणि पायाने कितीही जोर दिला तरी मोटार पूर्वीसारखी थांबत नाही. दुसरा धोका ब्रेकच्या द्रवाचा. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. ‘डॉट ४’ प्रतीचा नवा द्रव निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे; त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. द्रव उकळला की नळ्यांत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे ब्रेकचे पायदळ एकाएकी तळाला टेकते. वर्षानुवर्षे जुनाच द्रव ठेवून घाटात जाणे किती महागात पडेल, हे यावरून दिसेल.

असा वास येताच खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनच मोटारीला आवर घालील. न्यूट्रलमध्ये उतरणे हे पेट्रोल वाचविण्याचे साधन मानले जाते. घाटात ते वेडे साहस होय. सपाट जागा पाहून थांबावे, मोटार गिअरमध्ये ठेवून चाकांना दगडांची ओटी द्यावी आणि निदान अर्धा तास वाट पाहावी. तापलेल्या लोखंडावर पाणी ओतल्यास त्याला तडा जाण्याचा संभव असतो. तळहात न टेकविता प्रत्येक चाकाजवळ धरून पाहावा. चारही चाके तापली असतील, तर दोष चालविण्याच्या रीतीत आहे. एकच चाक तापले असेल, तर त्याचा ब्रेक अडकून बसला आहे व मिस्त्रीची गरज आहे.

चढावरचा वास निराळा. क्लच अर्धवट दाबून मोटार उतारावर रोखून धरली, की क्लचची तबकडी घासते आणि जळक्या कागदासारखा वास येतो. थांबून तिला थंड होऊ द्यावे. पुढे हँडब्रेकचा आधार घेऊन मोटार चढावर उठवावी. बॉनेटमधून तेलाचा वास व निळसर धूर येत असल्यास गळके तेल तापलेल्या नळीवर पडत असते. गोडसर वास आल्यास रेडिएटरमधील द्रव गळत आहे असे समजावे; पण इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असतो व उसळून अंग भाजते.

सर्वांत घातक वास विजेच्या तारांचा. त्यांवरील प्लॅस्टिक जळू लागले, की डोळे चुरचुरविणारा उग्र वास येतो. १२ व्होल्टची बॅटरी हाताला धक्का देत नाही, म्हणून ती निरुपद्रवी मानू नये. तारा एकमेकींना चिकटल्या तर तिच्यातून शेकडो अँपियर प्रवाह वाहू शकतो. ताबडतोब थांबून किल्ली बंद करावी आणि सर्वांनी दूर उतरावे. धूर दिसत असल्यास बॉनेट सताड उघडू नये, कारण आत शिरणारी हवा आग भडकविते. धूर नसेल, तर बॅटरीची ऋण तार सोडवावी. वितळलेल्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा जाड तार बसविण्याची युक्ती रस्त्यावर सर्रास चालते. तिच्यामुळे फ्यूजऐवजी मोटार जळते, एवढाच फरक पडतो.

कधी एवढ्या शोधाअंती सायलेन्सरला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवीच हाती लागते. नळी थंड झाल्यावर ती लाकडाच्या काडीने खरवडून काढता येते.