तळ्याचा जमाखर्च आणि आपले आरोग्य

सोयाबीन-कपाशीवर फवारणी सुरू झाली की संध्याकाळी पंप धुण्यासाठी जवळचा नाला किंवा तलाव गाठला जातो. ‘एवढ्या पाण्यात चमचाभर औषधाने काय होणार?’ असे आपण सहज म्हणतो. हा प्रश्न थेट आरोग्याशी निगडित आहे, म्हणून आज थोडे तळ्याविषयी.

येलदरी, सिद्धेश्वर यांसारखी धरणे असोत की गावाशेजारचा पाझर तलाव, पाण्यात एक पंगत अखंड चालू असते. सूर्यप्रकाशावर सूक्ष्म शेवाळ वाढते. डोळ्यांना जेमतेम दिसणारे प्राणिप्लवक ते खातात. प्लवकांवर कटला व अनेक माशांची पिल्ले जगतात. मृगळ तळचा कुजका गाळ खातो, लहान मासे मरळ खाते आणि मरळ आपण खातो. एकेकाचा अनेक ताटांत वाटा असल्याने ही नुसती साखळी नाही, जाळे आहे.

शास्त्रज्ञ या जाळ्याचा हिशेब संगणकावर मांडतात. १९८४ च्या सुमारास हवाई बेटांजवळच्या समुद्रासाठी ‘इकोपाथ’ नावाची पद्धत निघाली. पुढे ती तळी व धरणांनाही लावली गेली. तत्त्व दुकानदाराच्या वहीसारखे आहे. प्रत्येक जिवाचे एकूण वजन किती, त्याने खाल्ले किती, त्याला कोणी व किती खाल्ले, हे सारे जुळले पाहिजे. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा जाते. बाकीची जगण्यात खर्च होते.

काही विषे मात्र अशी खर्च होत नाहीत, ती चरबीत साठत जातात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या क्लिअर लेक या तळ्यात चिलटे मारण्यासाठी १९४९, १९५४ व १९५७ मध्ये डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी टाकले गेले. प्रमाण होते पाच कोटी भाग पाण्यात जेमतेम एक भाग. पण मासे खाणारे, टिबुकलीच्या कुळातील पक्षी मरू लागले. त्यांच्या चरबीत दहा लाखांत सुमारे १६०० भाग विष सापडले. पाण्यात पातळ झालेले विष ताटागणिक दाट होत गेले होते.

आजची बरीच कीटकनाशके इतकी टिकत नाहीत, हे खरे. पण ती प्लवक व माशांची पिल्ले मारतात. मग शेवाळ खाणारे उरत नाही आणि डासांच्या अळ्या गिळणारेही उरत नाही. त्यात शेतातील खत वाहून आले की पाणी हिरवेगार होते. काही निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष यकृताला बाधते, आणि ते उकळूनही जात नाही.

तेव्हा वाचकहो, एवढे पाळा :

• पंप, डबे, बाटल्या तलावात किंवा नाल्यात धुऊ नका. धुतलेले पाणी फवारलेल्या शेतातच, विहिरीपासून दूर टाका.
• औषध टाकून मासे धरू नका. असे किंवा मेलेले तरंगणारे मासे खाऊ नका.
• हिरवी साय आलेले पाणी माणसांनी पिऊ नये, जनावरांनाही पाजू नये.
• डासांसाठी गप्पी मासे हौद व बंद डबक्यांत सोडा. मोठ्या तलावात बाहेरचे मासे परस्पर सोडू नका.

फवारणीनंतर किंवा असे मासे खाल्ल्यावर उलट्या, खूप घाम, तोंडाला लाळ किंवा अंधुक दिसणे सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. औषधाची बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. बाटलीवरचे नाव कळले की उपचार लवकर सुरू करता येतात.