यंत्र हातीं आलें, ज्ञान केव्हां येणार ?

ज्या वस्तूवांचून आपलें पान हलत नाहीं तिच्या अंतरंगाची आपणांस थोडीबहुत ओळख असावी, ही अपेक्षा कांहीं फार मोठी नव्हे. जातें कां अडलें हें पूर्वीं घरांतील बाईस समजत असे. मोटेची दोरी कोठें झिजली हें शेतकऱ्यास दिसत असे. पण आज खिशांत बाळगलेला टेलिफोन बोलतो कसा, असें विचारल्यास पदवीधर मनुष्यही निरुत्तर होतो. हें अज्ञान निरुपद्रवी असतें तर त्याविषयीं लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. परंतु याच अज्ञानाच्या बळावर पोलीस, न्यायाधीश अथवा बँकेचे अधिकारी असल्याची बतावणी करून भामटे लोक वृद्धांची आयुष्यभराची पुंजी घरबसल्या लुटीत आहेत. म्हणून या यंत्राची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, तारेंतून आवाज जातच नाहीं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यास १८७६ च्या मार्चमध्यें ज्या युक्तीचा हक्क मिळाला तिचें मर्म असें : बोलण्यानें हवा कांपते, हवेनें एक पातळ पडदा कांपतो, आणि त्या कंपाप्रमाणें तारेंतील विद्युत्प्रवाह कमीअधिक होतो. पलीकडच्या टोंकास तोच प्रवाह लोहचुंबकाच्या योगानें दुसरा पडदा कांपवितो. बेलच्या यंत्रांतला आवाज क्षीण होता. एडिसननें १८७७ मध्यें पडद्यामागें कोळशाचा उपयोग केला, आणि दाबाप्रमाणें कोळशांतून जाणारा प्रवाह कमीजास्त होत असल्यामुळें तो आवाज ठसठशीत झाला. तात्पर्य, ऐकणाराच्या कानीं पडतो तो बोलणाराचा कंठध्वनि नव्हे. कानाशीं धरलेल्या पडद्यानें केलेली ती त्याची नक्कल होय.

दुसरी गोष्ट जोडणीची. शंभर घरें परस्परांशीं थेट जोडावयाचीं तर ४,९५० तारा लागतील. त्याऐवजीं प्रत्येकाची एकच तार एका मध्यवर्ती ठिकाणीं आणिली कीं काम भागतें. असें पहिलें व्यापारी तत्त्वावरील केंद्र अमेरिकेंत न्यू हेवन येथें जानेवारी १८७८ मध्यें अवघ्या २१ वर्गणीदारांवर उघडलें. पुढें चारच वर्षांनीं, १८८२ मध्यें, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें केंद्रें निघालीं. त्या काळीं जोडणी करणारें माणूस मध्यें बसलेलें असे, व कोणाच्या तारेवरून हांक आली हें त्यास दिसत असे. १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्ट्रौजर नांवाच्या एका गृहस्थानें आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचा हक्क मिळविला. त्याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. केंद्रांतील बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा त्यास संशय होता, असें सांगतात. मधला मनुष्य गेल्यानें पक्षपात गेला व वेगही वाढला. पण त्याबरोबर मधला साक्षीदारही गेला.

तिसरी गोष्ट अलीकडची. आतां आवाजाचे सेकंदास ८,००० वेळां माप घेऊन त्याचे आंकडे करितात. मोबाईलमध्यें हे आंकडे आणखी संक्षिप्त करून रेडिओलहरींवरून धाडितात. जें आंकड्यांनीं बनतें तें आंकड्यांनीं बनवितांही येतें. म्हणून संगणक आज तुमच्या मुलाच्या आवाजांत बोलूं शकतो. फार काय, पडद्यावर उमटणारा क्रमांक हाही पलीकडून आलेला एक संदेशच असून तोही खोटा करितां येतो.

मग आमचे लोक या आवाजापुढें इतके नमतात कां ? याचें उत्तर इतिहासांत आहे. स्वातंत्र्य मिळालें तेव्हां या विस्तीर्ण देशांत टेलिफोन ऐंशी हजारांच्या आसपास होते. तो असे साहेबाच्या कचेरींत, पेढीवर किंवा पोलीस ठाण्यांत. पुढेंही कित्येक वर्षें सामान्य माणसास त्यासाठीं अर्ज करून वाट पाहात बसावें लागे. ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून दिल्लीस पहिलें मोबाईल संभाषण झालें व पुढें यंत्र घरोघर गेलें. पण टेलिफोनवर बोलतो तो अधिकारी, ही जुनी भीति मनांतून गेली नाहीं. भामट्यांचें सारें भांडवल हेंच आहे. "डिजिटल अरेस्ट" नांवाची कोणतीही अटक कायद्यांत नाहीं, असें ऑक्टोबर २०२४ मध्यें खुद्द पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरून सांगितलें. तरी भयभीत मनुष्य खोलीचें दार लावून तासन् तास त्या आवाजाच्या कैदेंत बसतो!

कोणी म्हणेल, सामान्यांस हें यंत्रशास्त्र कशाला ? सावध राहा म्हटलें कीं पुरे. आम्हांस हें मान्य नाहीं. कारण न सांगितलेला उपदेश भीतीच्या क्षणीं टिकत नाहीं. तुम्हांस आलेल्या हांकेवरचा क्रमांक हा समोरच्याचा दावा असतो. उलट तुम्हीं स्वतः फिरविलेल्या क्रमांकाचा धनी यंत्रणा शोधून काढते. एवढें ज्यास कळलें तो संशय येतांच फोन ठेवील, पासबुकावर छापलेला क्रमांक स्वतः फिरवील, आणि फसला असल्यास लाज न धरितां तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करील. फसलेल्यास मूर्ख म्हणून हिणविणारे मात्र त्यास गप्प बसवून भामट्यासच साह्य करितात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेनें एक मोडका टेलिफोन उघडून मुलांस त्यांतील पडदा व चुंबक दाखवावे, आणि मुलांनीं तें घरीं आजीआजोबांस सांगावें. स्त्रियांची विशेष काळजी घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें २०१९–२१ मध्यें स्वतः वापरावयाचा मोबाईल देशांतील सुमारें ५४ टक्के स्त्रियांपाशींच होता. जिच्या हातीं यंत्रच नाहीं तिला त्याचें कपट कोण शिकविणार ? बँका व टेलिफोन कंपन्या यांनींही केवळ इशाऱ्याच्या घोषणा ऐकवून आपली जबाबदारी झटकूं नये. एका काळीं ग्रंथांत लिहिलें म्हणून खरें मानण्याविरुद्ध आमच्या सुधारकांनीं झगडा केला; आज टेलिफोनवर ऐकिलें म्हणून खरें मानण्याविरुद्ध तो करावयाचा आहे. आवाज कोणाचाही असो, त्यास "कशावरून ?" असें विचारण्याचें धैर्य घरोघर आलें पाहिजे.