राउटर उलटा करून बघा

उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये घराला घर लागून. मोबाइलवर वायफाय शोधलं की शेजारपाजारची दहा-बारा नावं सहज दिसतात. अंबरनाथच्या चिखलोलीत किंवा बदलापूरच्या कात्रपमध्ये इमारती नव्या, पण नेट बहुधा तसंच येतं : गच्चीवरून ओढलेली फायबर आणि नेटवाल्याने भिंतीला ठोकून दिलेला डबा. घरून ऑफिसचं काम वाढलं तसा ‘घरासाठी स्वस्तातला फायरवॉल कोणता घेऊ?’ हा प्रश्नही वाढला. पण खिशात हात घालण्याआधी काही समज तपासून घेतलेले बरे.

गैरसमज : आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?

वस्तुस्थिती : चोराला तुमची माहिती नको असेल, तुमचं कनेक्शन पुरतं. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना गेलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोहोचला. तिथलं वायफाय सुरक्षित नव्हतं आणि बाहेरच्या कोणीतरी ते वापरलं होतं. चौकशीचा ससेमिरा मात्र घरात राहणाऱ्याच्या मागे लागला.

गैरसमज : वायफायला पासवर्ड आहे, म्हणजे झालं.

वस्तुस्थिती : पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगचा. तुमचा डबा उलटा करून बघा. खालच्या स्टिकरवर 192.168.1.1 सारखा पत्ता, लॉगिन नाव आणि बऱ्याचदा ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड छापलेला दिसेल. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने अशाच छापील पासवर्डांच्या जोरावर जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. 2017 च्या जुलैमध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम याच कारणाने बंद पडले. तेव्हा सेटिंगचा पासवर्ड आधी बदला. वायफायचा पासवर्ड तुमचाच मोबाइल नंबर असेल, तर तोही बदला. स्टिकरवर डब्ल्यूपीएस पिन असेल तर ती सोय बंद करा. आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत सापडू शकतो, हे 2011 मध्येच उघड झालं आहे.

गैरसमज : वायफायचं नाव लपवलं की कोणाला सापडत नाही.

वस्तुस्थिती : लपवलेलं नाव मोफत मिळणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरनेही दिसतं. लपवायच्या खटपटीपेक्षा सुरक्षा डब्ल्यूपीए3 वर ठेवा. जुनी उपकरणं जोडली जात नसतील, तर डब्ल्यूपीए2-एईएस चालेल. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी दिसलं तर लगेच बदला.

गैरसमज : खरी सुरक्षा हवी तर वेगळा हार्डवेअर फायरवॉल घ्यावाच लागतो.

वस्तुस्थिती : साध्या राउटरमध्येही फायरवॉल असतो. घरातून कोणी न मागवलेली बाहेरची जोडणी तो आत येऊ देत नाही. कार्यालयांसाठीच्या फायरवॉलची किंमत मोठी असते, शिवाय लायसन्सचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते थांबलं की नव्या धोक्यांची यादी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. चार माणसांच्या घराला तो बहुतेक वेळा नुसताच भुर्दंड. राउटरची सेटिंग नीट केली की तो पैसा वाचतो : यूपीएनपी (उपकरणांना राउटरमध्ये परस्पर वाट उघडू देणारी सोय) आणि बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद करा. टीव्ही, कॅमेरे आणि पाहुण्यांचे फोन ‘गेस्ट’ नेटवर्कवर टाका, ऑफिसचा लॅपटॉप वेगळा ठेवा.

गैरसमज : नेटवाल्याने दिलेल्या डब्याला पर्याय नाही.

वस्तुस्थिती : फायबरचा डबा त्याचा राहू द्या; त्याच्यामागे स्वतःचा राउटर लावता येतो. फायबरचा डबा ‘ब्रिज’ मोडवर टाकायला सांगा आणि कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड मागून घ्या. तो तयार नसेल, तर त्याच्या डब्याच्या लॅन पोर्टमधून वायर घेऊन आपला राउटर जोडा. घरगुती वापराला तेवढं चालतं.

गैरसमज : अँटेना जास्त, राउटर चांगला.

वस्तुस्थिती : अँटेनांचा संबंध पल्ल्याशी आणि वेगाशी, सुरक्षेशी नाही. दीड ते चार हजारांच्या राउटरमध्ये तीन गोष्टी बघा : डब्ल्यूपीए3, गेस्ट नेटवर्क आणि आपोआप होणारं अपडेट. दुकानात उभ्या उभ्याच कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर कधी आलं ते तपासा. दोन-तीन वर्षांत काहीच आलं नसेल, तर स्वस्त असला तरी ठेवून द्या. स्टिकरवर मॉडेलच्या पुढे व्ही1, व्ही2 असंही लिहिलेलं असतं. फर्मवेअर त्या आवृत्तीचंच टाकावं लागतं, चुकीचं टाकलं तर राउटर निकामी होऊ शकतो. सेकंडहँड घेतलात तर आधी फॅक्टरी रीसेट करा.

गैरसमज : वीज गेली-आली की राउटर रीस्टार्ट होतो, व्हायरस असला तरी जातो.

वस्तुस्थिती : काही मालवेअर जातात, सगळे नाही. 2018 मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ने किमान पाच लाख उपकरणांत शिरकाव केला. त्याचा पहिला टप्पा रीस्टार्टनंतरही टिकून राहायचा. शंका आली तर फॅक्टरी रीसेट करा, नवं फर्मवेअर टाका आणि पासवर्ड बदला. संगणक-मोबाइलसाठी केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची मोफत साधनं आहेत.

गैरसमज : राउटर पक्का असला की ऑनलाइन फसवणूक होत नाही.

वस्तुस्थिती : फोनवर आपणच ओटीपी सांगितला, किंवा ‘वीजबिल थकलंय’ म्हणणाऱ्याने पाठवलेलं अ‍ॅप टाकलं, तर कुठलाही डबा मध्ये पडू शकत नाही. पैसे गेले तर उशीर न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बँकेला रक्कम रोखून धरायला जितका वेळ मिळेल, तितकी ती परत मिळण्याची शक्यता जास्त.